कौलाखालची अँटेना

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतं. "दिसंल न्हवं?" पैसे किती लागतील, वेळ किती लागेल, हे सगळं नंतर. या प्रश्नाला "दिसंल की" असं उत्तर देणं फार सोपं असतं, कारण तेवढं म्हटलं की आतून चहा येतो. मी कोल्हापुरात छत्तीस वर्षं आधी रेडिओचं आणि मग टीव्हीचं दुकान चालवलं. त्यातली शेवटची काही वर्षं मी आधी छपरावर चढायचो, वायर लावून बघायचो आणि मग उत्तर द्यायचो. अशानं बरीच गिऱ्हाइकं कंटाळून शेजारच्या दुकानात गेली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहा म्हणून सांगितलंय. गमती पुष्कळ आहेत, पण ही सवय मला कशी लागली तेवढंच सांगतो. त्यातही गंमत आहे, फक्त ती सगळी माझी नाही.

एकोणीसशे साठच्या सुमाराला दुकान घातलं तेव्हा रेडिओ व्हॉल्व्हचे होते. व्हॉल्व्ह म्हणजे दिव्यासारखी काचेची नळी. ती तापल्याशिवाय रेडिओ बोलत नसे. पेटी उघडली की पहिलं काम ब्रशनं सफाई करायचं, आणि त्या सफाईत घर कळायचं. म्हशी पाळणाऱ्याच्या रेडिओत भुसकट, किराणावाल्याच्या रेडिओत झुरळं आणि तूरडाळ. एका वकिलांच्या रेडिओत त्यांच्या पत्नीनं लपवलेली सोन्याची अंगठी निघाली. मी ती वकिलांना न देता वहिनींच्या हातात दिली, तेव्हापासून त्या घरचं एकही काम दुसऱ्या दुकानात गेलं नाही. आत काय दिसलं ते मिस्त्रीनं बाहेर बोलायचं नसतं. हा नियम मी चांगला पाळला. तोंडातून काय बाहेर काढायचं नाही ते मला बरोबर कळायचं, काय काढायला पाहिजे ते कळायला मात्र वेळ लागला.

माझं दुकान ज्या पेठेत होतं तिथल्या तालमीचं नाव मी देत नाही. कोल्हापुरात तालमीचं नाव छापलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दहा माणसं दारात उभी राहतात, त्यातली पाच आभार मानायला. परगावच्या वाचकांसाठी सांगतो. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, पण आमच्याकडे पेठेचं सगळंच तिथून चालतं: गणपती, भांडणं मिटवणं आणि फुटबॉलचा संघ. कुस्तीगीर वर्षाला एखादा निघतो, फुटबॉल मात्र घरटी एक जण खेळतो. थंडी पडली की स्पर्धा सुरू होतात त्या मे महिन्यापर्यंत. त्या काळात शेजारच्या पेठेत दिलेल्या मुलीसुद्धा माहेरी जपून बोलतात.

पूर्वी खेळायचे पैसे कुणालाच मिळत नव्हते. सामना जिंकला की दूध-केळी, फार तर अंडी. बूट दोन-दोन हंगाम चालवायचे. पण इतर तालमींनी बाहेरगावचे खेळाडू आणायला सुरुवात केली आणि आमच्या तालमीलाही तसे आणणं भाग पडलं. बाहेरचा माणूस दूध-केळ्यांवर येत नाही. त्याला महिन्याला काहीतरी द्यावं लागतं. त्याला पगार म्हणायला मात्र आमच्या वस्तादांची तयारी नव्हती. वस्ताद म्हणजे तालमीचे प्रमुख, तेव्हा साठीचे, कान मोडलेले, आवाज असा की पलीकडच्या बोळातलं कुत्रं उठून बसावं. ते म्हणाले, "तालमीत नोकर ठेवत न्हाईत. पैलवानाला खुराक देत्यात. ह्यास्नी बी खुराकच द्यायचा." मग महिन्याच्या रकमेला खुराक म्हणायचं ठरलं. या शब्दाचा फायदा मला फार उशिरा कळला. पगार राहिला तर तो बुडवला असं लोक म्हणतात. खुराक राहिला तर नुसता राहतो.

आता हा खुराक आणायचा कुठून? वर्गणी गणपतीत संपायची. नेमकं त्याच सुमाराला कोल्हापुरात टीव्ही दिसायला लागला. माझ्या दुकानात दोन सेट आले, लाकडी पेटीचे, पुढं सरकती दारं आणि त्यांना कुलूप. एक सेट मी तालमीला हप्त्यानं दिला. कल्पनाही माझीच होती. आखाड्याच्या शेजारी मारुतीच्या डाव्या हाताला उंच फळीवर तो ठेवला आणि रविवारच्या सिनेमाला मोठ्या माणसाला रुपया, पोरांना चार आणे असं चालू झालं. तिकीट म्हणायचं नाही, फुटबॉलची देणगी म्हणायचं. लोक आखाड्याच्या मातीत बसायचे. पायताण बाहेर. सिनेमा कसाही असो, पाचशे माणूस हलायचं नाही.

मला दर सोमवारी तो सेट उघडावा लागायचा. आखाड्याच्या मातीत ताक, हळद, तेल, लिंबू घालतात. ती माती लोकांच्या हालचालीनं उडून टीव्हीच्या जाळीतून आत जायची आणि सेट तापला की कुस्तीच्या मैदानासारखा वास सुटायचा. इतक्या वर्षांत शेकडो टीव्ही उघडले, पण वासानं ओळखता येईल असा तेवढा एकच. पहिल्या वर्षात सेटचे सगळे हप्ते फिटले, संघाला नवे बूट आले, जाळ्या आल्या, आणि तालमीची माणसं चालताना जरा मागं रेलून चालायला लागली. पुढच्या हंगामासाठी वस्तादांनी तीन बाहेरचे खेळाडू ठरवले, ते पुढच्या वर्षीच्या सिनेमांच्या भरवशावर. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

त्या तिघांतला गोलकीपर आनंदा. शाहूवाडीकडचा, भाताच्या खाचरात वाढलेला, सहा फूट उंच आणि बोलायला अगदी कमी. तो वारणेच्या बाजूला एका साखर कारखान्यात हंगामी कामाला होता आणि तिथल्या पोरांबरोबर खेळायचा. हंगामी म्हणजे उसाचं गाळप चालू असेल तेवढे महिने काम, मग घरी. आता कोल्हापूरबाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही, पण गाळपाचा हंगाम आणि फुटबॉलचा हंगाम एकच असतो. कारखान्यातल्या साहेबांनी त्याला सांगितलं होतं की दोन हंगाम नीट आलास तर कायम करून घेऊ. एक हंगाम झाला होता. आनंदानं ते वस्तादांना सांगितलं, मी तिथं होतो. वस्ताद म्हणाले, "कारखाना काय पळून चाललाय व्हय? एक साल आमच्याकडं खेळ. महिन्याला तीनशे खुराक, ऱ्हायला तालमीची खोली, दोन टाइमाला जेवान. कारखाना पुढच्या साली हायच की." आनंदानं थोडा विचार केला आणि माझ्याकडे बघितलं. मी पेठेतला शिकलेला माणूस, म्हणून. मी होकाराची मान हलवली.

पहिले दोन महिने खुराक वेळेवर मिळाला. जानेवारीत मला वस्तादांचं बोलावणं आलं. तालमीत कमिटी बसली होती आणि मारुतीपुढं बेलाचं पान आणि भंडारा ठेवलेला होता. मी ओळखलं की काहीतरी शपथेचं प्रकरण आहे.

"मिस्त्री," वस्ताद म्हणाले, "शेजारच्या पेठेत घरोघर टीव्ही झाल्यात. छपरं बघितलीस? नुसत्या काड्या. आपल्या पेठेत तसं झालं तर रविवारी तालमीत कुत्रं बी यायचं न्हाय."

"वस्ताद, माझा धंदाच हाय त्यो."

"धंदा कर की. बाकीच्या गावात कर. हंगाम संपंस्तर आपल्या पेठेत एक काडी छपरावर दिसता कामा न्हाय. उचल बेलभंडारा."

मी उचलला. नाकारायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मनापासूनच उचलला. काडी म्हणजे अँटेना. ती अल्युमिनियमची असते, माशाच्या सांगाड्यासारखी, आणि केंद्राच्या दिशेला तोंड करून उंच लावावी लागते. पण आमच्या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती. केंद्र जवळ असलं तर अँटेना उंच लागतच नाही. पत्र्याचं छप्पर असेल तर अडतं, कौलाचं असेल तर कौलाखाली माळ्यावर ठेवली तरी चित्र झकास येतं. आमच्या पेठेत सगळी घरं कौलारू होती.

आठ दिवसांनी एक निवृत्त हेडमास्तर आले. मी आणा-भाका सांगितल्या. ते शांतपणे म्हणाले, "अहो, छपरावर दिसता कामा नये असंच ना? मग आत लावा." मास्तर गणित शिकवायचे. मी दोन दिवस विचार केला. बायको म्हणाली, शब्दाचा अर्थ शब्दात असतो तेवढाच घ्यावा, आणि घरात मुलाच्या कॉलेजची फी तोंडावर आली होती. मी सेट पोत्यात गुंडाळून भर दुपारी मास्तरांच्या घरी नेला आणि अँटेना माळ्यावर लोणच्याच्या बरण्यांमागं बांधली. शपथ मोडली नव्हती. छपरावर काडी दिसत नव्हती.

त्यांच्या मागोमाग दुसरं घर, तिसरं घर. प्रत्येक जण म्हणायचा, मिस्त्री, कुणाला बोलू नका. मी कुणाला बोलत नव्हतोच. सातवा सेट लावायला मला एक बाई स्वतः दुकानात येऊन सांगून गेल्या. पदर डोक्यावर घट्ट, आवाज मात्र वस्तादांच्या तोडीचा. वस्तादांच्या पत्नी, पेठेच्या काकी.

"काकी, वस्तादांना ठाव हाय?"

"त्यास्नी काय ठाव आसतं? रोज तालमीत असत्यात, जेवायच्या टायमाला घरी येत्यात. बाईमाणसानं गड्यांच्यात मातीत बसून शिनिमा बघायचा व्हय? तुमी लावा. ते आलं की मी दारं सरकवून कुलूप घालतीया. वर गणपतीचा फोटो ठेवायचा, म्हणजे देव्हारा वाटंल."

मी लावला. वस्ताद पुढं चार महिने त्या देव्हाऱ्याला जाता-येता नमस्कार करत होते, असं काकींनीच मला नंतर सांगितलं.

आता तालमीत रविवारी काय होत होतं ते बघा. फेब्रुवारीत दोनशे माणूस, मार्चमध्ये शंभराच्या आत. एका घरात टीव्ही आला की शेजारची चार घरं तिथं बसतात, हा हिशेब मी केला नव्हता. कमिटीनं पेठेतली छपरं दोनदा फिरून बघितली. काडी एकही नाही. मग कुणी म्हणालं, सध्या सिनेमेच भिकार येतात. कुणी म्हणालं, परीक्षा आल्यात. एका जाणत्या माणसानं मारुतीच्या डाव्या हाताला टीव्ही ठेवल्यामुळं असं होतंय म्हणून तो उजव्या हाताला ठेवायला लावला. तो हलवायला मलाच बोलावलं. मी निमूटपणे हलवला आणि घरी आलो.

खुराक थांबला. बाहेरचे दुसरे दोघं, आघाडीला खेळणारे, पंधरा दिवस वाट बघून निघून गेले. आनंदा राहिला. एकदा माझ्या दुकानात बातम्या ऐकायला बसला होता तेव्हा मी विचारलं, "तू का न्हाय गेलास?"

"आता कुठं जातोय? कारखान्याचा पट्टा पडाय आलाय." पट्टा पडला म्हणजे गाळप संपलं. "आन वस्ताद म्हणाल्यात देतो. मोठा माणूस हाय. देतो म्हटलं की देतील की."

मी रेडिओचा आवाज थोडा वाढवला.

त्या वर्षी आमची तालीम जिंकली. अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्ट्यांवर गेला. आनंदानं दोन अडवल्या, त्यातली दुसरी उजवीकडं पूर्ण लांब होऊन एका हाताच्या बोटांनी. मी फुटबॉल फार बघितलाय, तशी झेप घेणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. लोकांनी त्याला खांद्यावरून पेठेत आणलं, गुलाल इतका की तो दोन दिवस कानातून निघत होता. बक्षिसाची रक्कम त्याच रात्रीच्या जेवणावळीत संपली, कारण पेठ जेवायला आली होती आणि आलेल्या पेठेला परत पाठवता येत नाही.

पुढच्या रविवारी तालमीत सत्कार ठेवला. चार महिन्यांचा खुराक बाकी, म्हणजे बाराशे रुपये, आणि तालमीच्या डब्यात काहीही नाही, हे कमिटीला माहीत होतं. वस्तादांनी आनंदाला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला, आणि मग फळीकडं बोट दाखवलं.

"ह्या गड्यानं तालमीची लाज राखली. तालमीची सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे ह्यो टीव्ही. आजपास्नं ह्यो आनंदाचा." टाळ्या पडल्या. शिट्ट्या पडल्या. वस्तादांचे डोळे भरून आले होते, ते ढोंग नव्हतं. तालमीला आता त्या टीव्हीचा काही उपयोग राहिला नव्हता हेही तितकंच खरं होतं.

आनंदा फेटा सावरत माझ्याकडं आला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, आमच्या गावात दिसंल न्हवं?"

इथं धंद्याचं थोडं सांगितलं पाहिजे. टीव्हीच्या लहरी सरळ जातात. डोंगर आडवा आला की त्याला वळसा घालत नाहीत. आमच्या केंद्राची ताकद तेव्हा कमी होती, आजूबाजूच्या दहा-पंधरा मैलांपुरती. आनंदाचं गाव त्याच्या तिप्पट लांब आणि मधे डोंगरांच्या चार रांगा. तिथं चित्र येणं शक्य नव्हतं, आणि हे मला घड्याळातली वेळ सांगता येते तितकं पक्कं ठाऊक होतं. पण "न्हाय" म्हणालो असतो तर पुढं विचारणा झाली असती, मग पैसे कुठायत, मग गल्ला कशानं आटला, आणि कुणीतरी माळे तपासायला निघालं असतं. पहिला माळा वस्तादांचाच निघाला असता.

"अँटेना उंच लावली की दिसंल की," मी म्हणालो. "मी सोता येऊन लावतो."

पुढच्याच रविवारी गेलो. टीव्ही वाकळेत गुंडाळून एस.टी.च्या टपावर, अँटेनाच्या काड्या मांडीवर. आनंदाचं घर गावाच्या वरच्या अंगाला, पाठीमागं लगेच डोंगर. त्याच्या वडिलांनी अंगण सारवून घेतलं होतं. आईनं टीव्ही ठेवायला धान्याची कणगी हलवून कोपरा मोकळा केला होता. पन्नास-साठ माणसं अंगणात येऊन बसली होती, पुढं म्हातारी माणसं, आणि एकानं टीव्हीला हळद-कुंकू लावलं.

अँटेना लावायची त्या काळातली पद्धत पुष्कळांना आठवत असेल. एक जण छपरावर पाइप धरून फिरवतो, एक दारात उभा राहून ओरडतो, एक आत टीव्हीसमोर. "आलं?" "न्हाय." "आता?" "उलीसं डावीकडं." आनंदा वर गेला. त्याचा चुलत भाऊ दारात. मी आत. पडद्यावर मुंग्या. चित्र नसलं की पडद्यावर पांढरे-काळे ठिपके खळबळतात, त्यांना आम्ही मुंग्या म्हणतो.

मी बटणं फिरवली. बूस्टर लावला. बारा फुटांच्या पाइपाला आणखी बांबू बांधायला सांगितला. हे सगळं मी खोटं करत होतो. नळाला पाणी नाही हे माहीत असलेल्यानं तोटी पिळत राहावी तसं. वरून दर मिनिटाला आवाज यायचा, "आता?" आणि भाऊ म्हणायचा, "न्हाय." पाऊण तास झाला. आनंदानं पाइप सगळ्या दिशांना दोनदा फिरवला, अगदी डोंगराकडं तोंड करूनसुद्धा. अंगणातली माणसं उठून जात नव्हती. आनंदाची आई चहा घेऊन आली आणि माझ्या शेजारी मुंग्यांकडं बघत उभी राहिली. "लई बारीक दिसतंय," ती म्हणाली. "सवय झाली की कळंल."

तेव्हा मला ते पुढं रेटता आलं नाही. मी बाहेर आलो आणि वर बघून सांगितलं, "आनंदा, उतर खाली. इथं येणार न्हाय. डोंगर हाय."

तो लगेच उतरला नाही. पाइप हातात धरून तसाच कौलांवर बसला.

"मला वाटलंच हुतं," तो म्हणाला. "आमच्या शाळंतल्या मास्तरानं गेल्या साली आणलाय. त्यात बी अशाच मुंग्या."

"मग मला इचारलंस कशाला?"

"तुमी म्हणालासा दिसंल. मला वाटलं, आपल्याला काय कळतंय त्यातलं? मिस्त्री म्हणतोय म्हणजे आसंल काय तरी."

माझ्या तोंडावर कुणी थुंकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो रागानं म्हणाला नव्हता. त्यानं खरोखर तसंच धरलं होतं.

सोमवारी सकाळी टीव्ही परत वाकळेत बांधला. मी त्याला म्हणालो, सेट कोल्हापूरला नेतो, बघतो काय होतंय. अँटेना तिथंच राहिली, कारण त्याच्या वडिलांनी रात्रीत तिच्या पाइपाला कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. जयसिंगपूरला माझ्या ओळखीचे एक व्यापारी होते, त्यांना सेट हवा होता. सपाट मुलूख, उंच पाइप उभा केला की येईल असा माझा अंदाज होता. पण आधी मी स्वतः त्यांच्या गच्चीवर चढलो, दीड तास लावून बघितलं, चित्र दिसलं, मग हो म्हणालो. ती पहिली वेळ. सेट जुना, त्याचे नऊशे आले. तीनशे मी घातले. ही काही दानशूरपणाची गोष्ट नाही. कौलाखालच्या सात सेटांत मला त्याहून पुष्कळ सुटले होते.

आनंदाला दुकानात बोलावून बाराशे हातात दिले. त्यानं नोटांकडं बघितलं आणि विचारलं, "ह्ये तालमीचं का तुमचं?"

"तालमीचं," मी म्हणालो. माझं म्हटलं असतं तर त्यानं घेतले नसते, आणि का दिले तेही सांगावं लागलं असतं. तेवढ्यात सगळं मिटतंय असं मला वाटलं. त्या रात्री मला झोपही चांगली लागली.

नोव्हेंबरात एका सकाळी मी दुकान उघडत होतो. पायरीवर आनंदा बसला होता. शेजारी पिशवी, पिशवीवर गोलकीपरचे हातमोजे.

"तालमीत जाऊन आलास?"

"न्हाय अजून. म्हटलं आधी तुमास्नी भेटावं."

"आन कारखाना?"

"बोलावणं आलंतं. या साली आलास तर कायम करतो म्हणालेत." तो हसला. "पर म्हटलं, तालमीनं आपलं पैसं बुडवलं न्हाईत. उशिरा का हुईना, सगळं दिलं. अशा माणसास्नी सोडून जायाचं बरं दिसत न्हाय. कारखान्याला न्हाय म्हणून सांगून आलोय."

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगितले. चहा यायच्या आत सगळं सांगून टाकलं. हेडमास्तरांपासून काकींच्या देव्हाऱ्यापर्यंत, मग जयसिंगपूर, मग ते तीनशे. तालमीत त्या बाराशे रुपयांची कुणाला आठवणसुद्धा नाही, हेही सांगितलं. आनंदा ऐकत होता. चहा आला, त्यानं तो बशीत ओतून हळूहळू प्यायला.

"म्हणजे तालमीनं काय दिलं?"

"फेटा दिला."

त्यानं बशी खाली ठेवली आणि हातमोजे पिशवीत घातले. मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मी इथं त्या खुशीनं लिहिल्या असत्या.

"वारणंकडं गाडी कवा हाय?" त्यानं विचारलं.

अकराची होती, मला माहीत होतं. तरी मी दुकानाला परत कुलूप घातलं आणि त्याच्याबरोबर स्टँडवर गेलो, गाडी लागलेली डोळ्यांनी बघितली आणि मग सांगितलं, हीच. कारखान्यानं त्याला घेतलं, पण हंगामी म्हणून. कायमची जागा त्यानं नकार देऊन आधीच दुसऱ्याला सोडून दिली होती. ती पुन्हा निघायला सहा हंगाम लागले.